पाठीवरची ज्वारी

वैजनाथला डॉक्टरची भीती वाटत नसे. सुईची नाही, रक्ताची नाही, त्या फिनेलच्या वासाचीही नाही. भीती होती ती डॉक्टरच्या प्रश्नाची. पेनाचं टोपण काढून, मान वरही न करता डॉक्टर विचारणार, वडील आहेत का. नाहीत म्हटलं की लगेच पुढचा, कशानं गेले. या प्रश्नाची वैजनाथकडे दोन उत्तरं होती. एक खरं, आणि एक बायकोला सांगितलेलं.

खरं उत्तर असं, की परळीच्या औष्णिक केंद्रात नोकरी करणारे त्याचे वडील, ज्यांना सगळी कॉलनी अण्णा म्हणायची, एका दुपारी जेवून बाजेवर टेकले आणि छातीत भरून आल्यासारखं होतंय म्हणाले. आईनं गॅस असेल म्हणून ओवा चावायला दिला. ओवा तोंडात असतानाच अण्णा गेले. वय शेहेचाळीस. ज्वारीचं पोतं एका हिसड्यात खांद्यावर घेणारा माणूस, त्याला कुणी कधी दवाखान्याची पायरी चढताना पाहिलं नव्हतं. अण्णांचे वडीलही असेच खळ्यावर बसल्या बसल्या गेलेले, साधारण त्याच वयात. अण्णा गेले तेव्हा वैजनाथ नववीत होता. स्मशानातून परतताना मागून कुणीतरी बोललं, "या घरातले गडी पन्नाशी बघत नाहीत." बोलणारा बोलून गेला आणि घरी जाऊन जेवलाही असेल. वैजनाथच्या डोक्यात मात्र ते वाक्य खिळा ठोकल्यासारखं बसलं.

दुसरं उत्तर लग्नाच्या वेळी तयार झालं. मुलगी अंबाजोगाईची, दीपमाला, गणितात बी.एस्सी. झालेली. बैठकीत पोहे झाले, चहा झाला, आणि मुलीच्या मामांनी मिशीवरून हात फिरवत विचारलं, की मुलाचे वडील एवढ्या लवकर कशानं गेले, घराण्यात काही दुखणं वगैरे आहे का. वैजनाथचे चुलते पानाला चुना लावत होते. त्यांनी मानही हलवली नाही. "पान लागलं," म्हणाले. आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत, साप चावला की पान लागलं म्हणतात. झालं, मामांनी चुकचुक केली, सापावर कुणाचा इलाज आहे म्हणाले आणि सुपारी फुटली. चुलत्यांचा हेतू वाईट नव्हता. दुखणेकरी घराण्यात मुलगी कोण देतो? घरोघरी मातीच्या चुली, लग्न जमवताना असली एखादी थाप खपून जाते. पण थाप मारणारे चुलते पुढे वारले आणि थाप वैजनाथकडे वारशानं आली.

दरवर्षी नागपंचमीला त्याची पंचाईत व्हायची. दीपमाला पाटावर चंदनानं नाग काढायची, लाह्या, दूध आणि आघाडा वाहायची, डोळे मिटून हात जोडायची. आपल्या थापेप्रमाणे ज्यानं सासऱ्याला मारलं त्यालाच ही बाई नमस्कार करते, हे वैजनाथला बघवायचं नाही. तो नेमका त्या वेळी गॅलरीत जाऊन पेपर वाचायचा. खरं सांगून टाकावं असं कितीदा मनात आलं. पहिल्या वर्षी धीर झाला नाही, नंतर नम्रता झाली, आणि मुलगी झाल्यावर तर, तुझ्या पोरीच्या रक्तातही हे आहे, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

पुण्यात तो शहाऐंशी साली आला, चिंचवडच्या एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात. तेव्हा त्या खोलीत चपला काढून जावं लागे आणि आत यंत्रासाठी एसी असे, माणसांसाठी नव्हे. मग देशाचे दरवाजे उघडले, कारखान्यातली पोरं एकेक करून सॉफ्टवेअर कंपन्यांत गेली, वैजनाथही गेला. दोन हजार साल उजाडताना जगातली सगळी कॉम्प्युटरं बंद पडणार म्हणून त्यानं अमेरिकेत राहून जुने प्रोग्रॅम दुरुस्त केले. जग बंद पडलं नाही. कंपनीनं खूश होऊन प्रत्येकाला आपलं नाव छापलेली एक काळी पाठीवरची बॅग दिली. बक्षीस म्हणून हमाली द्यायची कल्पना कुणाची कोण जाणे. पुढे हिंजवडीत काचेची इमारत झाली, सकाळी कोथरूडच्या कोपऱ्यावर कंपनीची बस येऊ लागली. सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, दीपमालाच्या आठवी-नववीच्या गणिताच्या शिकवण्या, नम्रता अकरावीला. सगळं कसं मार्गी लागलेलं होतं. ज्याचं सगळं मार्गी लागतं, त्याला मरणाची भीती जास्त वाटते.

ती भीती अंगावर आली एका सोमवारी. ऑफिसात सगळ्यांना मेल आली, वर एका हसऱ्या माणसाचा फोटो. पलीकडच्या रांगेतला, वैजनाथबरोबर कधीकधी चहाला येणारा, त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. शनिवारी क्रिकेट खेळताना छातीत कळ आली आणि खेळ संपला. कॅन्टीनमध्ये पोरं हळहळली, कोलेस्टेरॉलवर बोलली आणि वडापाव घेऊन जागेवर गेली. वैजनाथ दुपारभर स्क्रीनकडे बघत बसला. त्या वर्षी त्याला पंचेचाळीस पूर्ण झाली होती. शेहेचाळीस म्हणजे आता पुढचंच स्टेशन.

त्या दिवसापासून तो आपली छाती ऐकू लागला. बसमध्ये बसला की शर्टाच्या आत हात घालून बघायचा. ढेकर आली तर आनंद, नाही आली तर घाम. झोपताना डावा हात छातीवर, आणि कुशीवर वळलं की उशीतून कानात ठोका ऐकू यायचा, तो चुकला तर, असं वाटून पुन्हा उताणा. दीपमाला विचारायची, काय झालं. काही नाही, गॅस, असं तो म्हणायचा. हेच उत्तर त्याच्या आईनं अण्णांच्या वेळी दिलं होतं, हे आठवून त्याच्या अंगावर काटा यायचा.

कंपनीत दरवर्षी तपासणी होई. फुकट रक्त, फुकट कागद, आणि शेवटी एक डॉक्टर समोर बसवून घरातल्या दुखण्यांची चौकशी करी. कागद घरी जाणार, दीपमाला वाचणार. वैजनाथनं तपासणीच्या दिवशी बरोबर परदेशातल्या गिऱ्हाइकाशी बोलणं ठेवलं. कंपनीच्या व्यायामशाळेत चालायचा पट्टा होता. त्याचा दांडा धरला की हृदयाचे ठोके आकड्यात दिसत. वैजनाथ त्या पट्ट्यावर हात हवेत ठेवून चालायचा, जणू काही पोलिसांनी बंदूक रोखली आहे.

शेवटी त्यानं आपला डॉक्टर आपणच शोधला. म्हातोबाची टेकडी. घरापासून चालत जाण्यासारखी, पायथ्याशी डांबरी रस्ता, वर खडकाळ पायवाट, गिरिपुष्पाची झाडं आणि माथ्यावर वारा. हा डॉक्टर वडिलांचं काही विचारत नव्हता. न थांबता माथ्यापर्यंत चढलो म्हणजे काळीज ठणठणीत, म्हणजे आजचा दिवस आपला, असा हिशेब त्यानं मनाशी मांडला. पुण्यात ही समजूत घरोघर आहे. पर्वती एका दमात चढतो म्हणणाऱ्याला इथे कुणी कागद दाखव म्हणत नाही, आणि सिंहगड चढणारा तर मरतच नाही, असा सगळ्यांचा विश्वास असतो. सिंहगडावर पिठलं-भाकरी खाताना हे सगळ्यात जास्त पटतं.

पहिले काही आठवडे जीव गेला. मग हळूहळू दम पुरू लागला, पोट आत गेलं, आणि एका सकाळी तो बोलत बोलत माथ्यावर पोचला. दुसरा कुणी खूश झाला असता. वैजनाथच्या छातीत धस्स झालं. परीक्षाच सोपी झाली तर पास होण्याला काय अर्थ? आत काय चाललंय हे कळणार कसं? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा. सोपं जाण्याचीही त्याला भीती वाटू लागली.

माथ्यावर रोज भेटणाऱ्यांत मच्छिंद्र होता. कोथरूड गाव होतं तेव्हापासूनचा इथला. जिथे आता तीन सोसायट्या उभ्या आहेत तिथे त्याच्या आज्याचा उसाचा फड होता. तरुणपणी गावच्या तालमीत घुमलेला, आता फ्लॅटची भाडी खाणारा, पण खांदे अजून दारासारखे रुंद. वैजनाथनं त्याला भीतीचं काही सांगितलं नाही, फक्त विचारलं, की चढ सोपा वाटायला लागलाय, काय करावं.

"आंगाला सवय लागली की व्यायाम सपला, वैजनाथराव. मग ती नुसती हवा खाणं हाय," मच्छिंद्र म्हणाला. तालमीत वस्ताद रोज एकेक जोर वाढवायला लावायचे, म्हणजे अंगाला कळत नाही आणि ताकद वाढत जाते, हेही त्यानं सांगितलं. टेकडी काही रोज वाढत नाही, तेव्हा पाठीवर वजन घ्यायचं आणि ते वाढवत न्यायचं.

घरी वजन कुठून आणायचं? परळीच्या शेतातली ज्वारी दर वर्षी संक्रांतीनंतर पोत्यानं यायची आणि स्वयंपाकघराच्या गॅलरीतल्या पत्र्याच्या कोठीत ओतली जायची. वैजनाथनं उशीचा एक जुना अभ्रा घेतला, त्यात मापट्यानं ज्वारी भरली, नाडीनं तोंड बांधलं आणि तो अभ्रा कंपनीच्या काळ्या बॅगेत घातला. दर रविवारी टेकडीवरून आला की आणखी एक मापटं. बॅग पाठीला लागली तेव्हा त्याला बरं वाटलं, अण्णांचा हात पाठीवर असल्यासारखं, आणि पुढच्याच क्षणी अण्णाही असंच ओझं उचलायचे हे आठवलं. दीपमालानं पहिल्या दिवशी बॅग उचलून पाहिली. "हमाली करायची तर मंडईत करा, दोन पैसे तरी येतील," एवढंच म्हणाली आणि कणीक मळायला गेली. नंतर तिनं त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. वैजनाथला वाटलं, बायकोनं सोडून दिलं.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. ज्वारी वाढत गेली तसा दमही लागत गेला. आधी माथ्याजवळच्या शेवटच्या चढाला लागायचा, मग मधल्या वळणाला, मग खालच्या मोठ्या खडकापाशीच. वैजनाथला यात काही वावगं दिसत नव्हतं. वजन वाढतंय तर दम लागणारच, हे तर ठरल्याप्रमाणेच होतं. उलट घामाघूम होऊन खाली आला की त्याला एक प्रकारचं समाधान वाटे. परीक्षा कठीण आहे आणि आपण अजून पास होतोय. डावा खांदा भरून यायचा, तो बॅगेचा पट्टा काचतो म्हणून. कधी जबडा दुखायचा, तो दात आवळल्यामुळे. प्रत्येक दुखण्याला त्याच्याकडे कारण तयार होतं आणि प्रत्येक कारण बॅगेत होतं.

टेकडीवर सत्यशीलाबाई येत, एका मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, काठी टेकत पण कुणासाठी न थांबता चढणाऱ्या. एका सकाळी त्या वैजनाथच्या शेजारून पुढे गेल्या, चार पावलांवर थांबल्या आणि वळल्या.

"आपण पूर्वी चढताना नमस्कार करीत असा. हल्ली नुसती मान हलवता," त्या म्हणाल्या. "शिष्टाचार कमी झालाय की श्वास?"

उत्तर द्यायला वैजनाथकडे खरोखरच श्वास नव्हता. त्यानं पाठीवरच्या बॅगेकडे बोट दाखवलं. बाईंनी बॅगेकडे पाहिलं, त्याच्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि हं म्हणून पुढे गेल्या. शाळेत खोटी चिठ्ठी आणणाऱ्या मुलीला त्या असंच हं म्हणत असणार. ते हं वैजनाथच्या मागे दिवसभर लागलं. बसमध्ये त्यानं मनगटावर बोटं ठेवून नाडी बघितली, ती सापडेना, आणि सापडली तेव्हा इतकी धावत होती की त्यानं हात काढून घेतला. दुसऱ्या दिवसापासून तो पाच मिनिटं उशिरा निघू लागला, म्हणजे बाईंची गाठ पडायला नको.

मग वैशाखातला तो रविवार आला. शेहेचाळिसावा वाढदिवस पुढच्या आठवड्यात होता. दीपमालानं श्रीखंड घरी करायचं का विकत आणायचं असं विचारलं होतं, आणि तो पेपर घेऊन गॅलरीत गेला होता. त्या सकाळी हवा जड होती, झाडाचं पान हलत नव्हतं. मोठ्या खडकापर्यंत पोचतानाच त्याच्या कानात घूं घूं सुरू झालं. तो बसला. पुन्हा उठला, मधल्या वळणाला पुन्हा बसला. छातीवर कुणीतरी पाट ठेवून वर उभं राहिलंय असं वाटत होतं. कपाळावरचा घाम गार होता. आजूबाजूनं माणसं हसत बोलत वर जात होती आणि त्यांचे आवाज त्याला भिंतीपलीकडून यावेत तसे येत होते. इथेच, असं त्याच्या मनात आलं. इथेच, या दगडावर, आजोबा खळ्यावर गेले तसे. त्याला नम्रताची आठवण झाली, आणि घराची किल्ली आपल्या खिशात आहे, दोघी बाहेर अडकतील, असा काहीतरी वेडगळ विचार आला.

पण पाच-दहा मिनिटांनी पाट उतरला. श्वास आला. आणि माणसाचं मन किती बिलंदर असतं पाहा. भीती ओसरल्याबरोबर वैजनाथ स्वतःला समजावू लागला, की बॅगेत आता पाव पोतं तरी ज्वारी असेल, उन्हाळा आहे, दम लागला तर नवल काय. वर न जाता तो उतरला. टेकडी अर्धी सोडून परतायची ही त्याची पहिलीच वेळ होती. पायथ्याशी मच्छिंद्र आपली गाडी लावून खाली उतरत होता. आज वजन जरा जास्तच झालं, असं वैजनाथनं त्याला हसून सांगितलं. मच्छिंद्र हसला नाही. तोंड पांढरं पडलंय म्हणाला आणि त्याला गाडीत बसवून सोसायटीच्या दारात सोडलं. जिना चढतो का बघतो म्हणून तो खालीच थांबून राहिला.

घरी दीपमाला भाकऱ्या थापत होती. वैजनाथ बॅगेसकट स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला आणि आपणहूनच बोलू लागला. भीती वाटली की तो फार बोलायचा. आज दोनदा बसावं लागलं, छातीत दाटून आलं, पण ते ओझ्यामुळे, आता मच्छिंद्रचं म्हणणं पटलं, व्यायाम अंगाला लागायचा तर असा लागला पाहिजे, या रविवारी मापटं नाही टाकलं तरी चालेल.

दीपमालाचा हात परातीत थांबला. तिनं गॅस बंद केला. तव्यावरची भाकरी तशीच राहिली. पिठाच्या हातानं तिनं त्याच्या खांद्यावरून बॅग काढली, चेन उघडली, अभ्र्याची नाडी सोडली आणि सगळं फरशीवर उपडं केलं.

दोन मापटी ज्वारी घरंगळत टेबलाखाली गेली. त्यामागून नम्रताची लहानपणची दुपटी पडली, एकात एक घट्ट गुंडाळलेली. बाकी अभ्र्यात काही नव्हतं.

वैजनाथ बघत राहिला. दर रविवारी त्यानं वरून ज्वारी ओतली होती, आणि दर सोमवारी, तो बसमध्ये बसला की, दीपमालानं ती काढली होती. आधी तेवढीच, मग थोडी जास्त, म्हणजे ओझं वाढायच्या ऐवजी उतरत जाईल आणि त्याच्या लक्षात येणार नाही. खाली जागा रिकामी दिसू नये म्हणून दुपटी. काढलेली ज्वारी गिरणीत जायची. सकाळी पाठीवर वाहिलेली ज्वारी वैजनाथ संध्याकाळी पिठल्याबरोबर खात होता आणि वर भाकरी गोड आहे म्हणून सांगत होता.

दुसऱ्या कुठल्या घरात यावर दोघं हसली असती. इथे कुणी हसलं नाही. बॅग हलकी होत गेली होती आणि दम मात्र जास्त लागत गेला होता. हे गणित त्या घरात दोघांनाही सोडवता येत होतं.

"अहो, यात काही नाहीये," दीपमाला म्हणाली. "किती महिने यात काही नाहीये. मग दम कशाचा लागतोय?"

आतापर्यंत वैजनाथच्या भीतीला ठेवायला एक जागा होती, ती बॅग. ती जागा फरशीवर रिकामी पडली होती आणि भीती सरळ छातीत येऊन बसली. पुन्हा पाट. पुन्हा गार घाम. त्यानं बायकोचा हात धरला, पिठासकट, आणि आयुष्यात पहिल्यांदा गॅस न म्हणता म्हणाला, "छातीत दुखतंय."

मच्छिंद्र अजून खालीच होता. नम्रता गॅलरीतून ओरडल्याबरोबर तो त्या वयात दोन दोन पायऱ्या घेत वर आला, वैजनाथला अक्षरशः उचलून गाडीत घातलं आणि कर्वे रस्त्यावरचे सिग्नल मोडत हॉस्पिटलात नेलं. वाटेत वैजनाथ खिडकीबाहेर बघत होता. रविवारची दुकानं उघडत होती, एक माणूस दुधाच्या पिशव्या मांडत होता, बसस्टॉपवर कुणीतरी जांभई देत होतं. आपण नसलो तरी हे सगळं असंच चालणार, हे त्याला इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं, आणि त्याचा त्याला फार राग आला.

खाटेवर झोपवून त्याच्या छातीला तारा लावल्या. यंत्रातून कागद सरसर बाहेर येऊ लागला. एक तरुण डॉक्टरीण आली, तिनं कागद पाहिला, पुन्हा पाहिला, नर्सला हळू आवाजात काही सांगितलं. मग पेनाचं टोपण काढलं, आणि मान वर न करता विचारलं.

"वडील आहेत?"

"नाहीत," वैजनाथ म्हणाला.

"कशानं गेले?"

इतकी वर्षं ज्याच्यापासून तो पळत होता, टेकड्या चढत होता, तपासण्या चुकवत होता, तो प्रश्न शेवटी खाटेपाशी येऊन उभा राहिला होता, आणि शेजारी दीपमाला होती. वैजनाथनं तोंड उघडलं. खरं सांगितलं नाही तर मरू, आणि सांगितलं तर ही काय म्हणेल, अशा दोन भिंतींमध्ये तो चेपला गेला. यंत्रावरचे ठोके धावू लागले. नर्सनं वर पाहिलं.

"हार्ट," दीपमाला म्हणाली. "शेहेचाळिसाव्या वर्षी. आजेसासरेही तसेच. दोघांनाही काही उपचार मिळाले नाहीत."

डॉक्टरणीनं लिहून घेतलं आणि ती लगबगीनं बाहेर गेली. वैजनाथ बायकोच्या तोंडाकडे बघत राहिला. तिनं पदरानं त्याचा घाम पुसला.

लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला ती परळीला होती, असं तिनं सांगितलं. घरात सगळ्या बायका नाग पूजत होत्या आणि ही नवी सून कोपऱ्यात रुसून बसली होती. ज्यानं सासऱ्यांना नेलं त्याला मी हात जोडणार नाही, म्हणत होती. तेव्हा चुलतसासू तुळजाबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. त्या गरिबानं काय केलंय गं, म्हणाल्या, आणि सगळं सांगून टाकलं.

"अठरा वर्षं झाली मला माहीत आहे," दीपमाला म्हणाली. "तुम्ही रोज छातीवर हात ठेवून झोपायचात, ते बघत होते मी. तुम्ही सांगाल म्हणून थांबले. मग मीच घाबरले. बोलले तर खरं होईल असं वाटायचं. म्हणून नुसती ज्वारी काढत राहिले."

तिला आता रडू आवरेना. वैजनाथलाही आवरेना. एकमेकांना घाबरवायचं नाही म्हणून दोघंही एकाच गादीवर, एकाच भीतीशेजारी, पाठ करून झोपत होती. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त, फार जगावंसं वाटलं. दोन माणसं खाट ढकलत न्यायला आली तेव्हा त्यानं तिचा पदर सोडला नाही.

"पंचमीला लाह्या मी वाहीन," तो म्हणाला.

"वाहा," ती म्हणाली. "आधी बाहेर या."

एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती, दुसरी त्या वाटेवर. डॉक्टरांनी जाळी बसवली. आणखी एखादा रविवार टेकडीवर गेला असतात तर आम्ही भेटलो नसतो, असं त्यांनी नंतर कोरडेपणानं सांगितलं. वाढदिवस हॉस्पिटलातच झाला, बिनसाखरेच्या चहावर. आता चालायचं, पण सपाटीवर, आणि चालताना बोलता आलं पाहिजे इतक्याच वेगानं. वैजनाथला ते भलतंच सोपं वाटतं आणि सोपं वाटलं की अजूनही त्याला भीती वाटते. दीपमाला बरोबर असते. तो गप्प झाला की ती विचारते, दम लागला का, की नुसते घाबरलात? तो खरं सांगतो. बहुतेक वेळा घाबरलेलाच असतो. नम्रताचीही तपासणी करून घ्यायची असं दोघांनी मिळून ठरवलं, आणि तिला का, तेही सांगितलं.

त्या वर्षी पंचमीला दीपमालानं पाटावर चंदनानं नाग काढला. वैजनाथ गॅलरीत गेला नाही. त्यानं दूध ठेवलं, आघाडा ठेवला, मूठ भरून लाह्या वाहिल्या. दीपमालानं हात जोडले. वैजनाथनं दोन्ही हातांनी कान धरले.